गळाला काय लावता?

“आजी, गळाला जे लावता, त्याला तुम्ही काय म्हणता?”

जमुनाने मैदानात कोलंबीसारखा बारीक जवळा उन्हात पसरता पसरता मान वर केली. समोर शौनक, पाठीला सॅक, हातात मोबाइल. गेले काही दिवस हा पोरगा खाडीवर घिरट्या घालत होता. म्हणे शब्द गोळा करतो. भंगार गोळा करणारे तिने पाहिले होते, शब्दांचा फेरीवाला हा पहिलाच.

“चारा. तुमच्यात काय म्हनतात?”

“आमिष. मुळात त्याचा अर्थ मांस. मांस दाखवून मासा पकडायचा, म्हणून पुढे कुठलीही लालूच म्हणजे आमिष झालं.”

“मांसाचं काय घेऊन बसलास? खेकड्याला सडका चारा लागतो, जिताड्याला जिवंत कोलंबी. ज्याची त्याची जीभ वेगली.”

“आणि जो कशालाच भुलत नाही?”

“मरल. पिल्लं राखताना ती चाऱ्याकडं बघत बी नाय. तिच्या तोंडापुढं बेडूक नाचवायचा. भुकेनं नाय, रागानं झडप घालते.”

शौनकचा चेहरा उजळला. जमुनाचा मात्र आक्रसला. एवढं गोड हसणारा माणूस फुकट हसत नाही.

खाडीकाठचं हे मैदान बिल्डरला टॉवरसाठी हवं होतं. पण कोळीवाड्याची रीत होती, वाळत घातलेल्या जवळ्यावर पाय द्यायचा नाही, मग तो वैऱ्याचा का असेना. कुंपण ठोकणारा ठेकेदार गावातलाच. पत्रे घेऊन यायचा, जवळा दिसला की मुकाट गाडी वळवायचा. म्हणून जमुनाने बायकांना दम भरला होता, मैदान एक दिवस मोकळं राहिलं तर माझ्याशी गाठ आहे. बिल्डरकडून मिठाई आली, ती तिने कावळ्यांना घातली. पैठणी आली, ती आणणाऱ्यालाच नेसवायला निघाली. तिचा लेक कल्पेश फ्लॅटचं गुणगान गायला लागला, तेव्हा त्याला भर मच्छीबाजारात असा झाडला, की तेव्हापासून त्याने तो विषयच काढला नव्हता.

रविवारी दुपारी तोच कल्पेश धापा टाकत आला.

“आये, तुजा संशय खरा निघाला. तो शब्दवाला बिल्डरचाच मानूस. आज करंजाड्याला हॉलमदी त्यांची मीटिंग हाय.”

“बोलले नवते मी? त्याचे डोलेच सांगत व्हते!” जमुनाचा ऊर भरून आला. पोटचं पोर अखेर आईच्या बाजूला आलं होतं.

“एकटी जाऊन काय करशील? सगल्यांना घे. मी टेम्पो आनलाय.”

जमुना पदर खोचून उठली. “चला गं! जवला पाट्यांत भरा, नायतर कुत्री खातील.”

शेजारची भाविका कुरकुरली, “मावशी, एक जन तरी राहू द्या हितं.”

“तू राहतेस? मंग तिकडं त्याची कॉलर कोन धरील, तुजा नवरा? त्याला तर घरातलं मांजर बी घाबरत नाय!”

बायका खिदळत टेम्पोत चढल्या. मागे मैदान उघडं पडलं.

करंजाड्याच्या त्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, चहा उकळत होता. शौनक हसतच दाराशी आला. जमुनाने त्याची कॉलर धरली.

“बोल, किती दिलं रं तुला बिल्डरनं?”

“बिल्डर? कुठला बिल्डर, आजी?”

समोसे वाटणाऱ्या दोन मास्तरीणबाई जागच्या जागी थिजल्या. भाविकाने पुढचा बोर्ड अडखळत वाचला, “मावशी, ‘खाडीचे शब्द’ लिवलंय. खाली सगल्या मासल्यांची नावं हायेत.”

जमुनाची मूठ सैल झाली. मुरगळलेली कॉलर तिने स्वतःच नीट केली.

“मंग आमच्या खाडीवर तुला धाडलं कोनी?”

“कल्पेशदादांनी. आजचा कार्यक्रमही त्यांनीच ठरवला. म्हणाले, सगळ्याजणींना मी आणतो, तुम्ही फक्त अंधार पडेपर्यंत सोडू नका.”