आठवड्याच्या बोलीवर

रियाने डॉक्टरचा संच उचलला आणि स्टेथोस्कोप लगेच गळ्यात अडकवला. तिचं काम झालं होतं. तरी तिची आजी नोंदणीच्या टेबलासमोरून हलेना.

भिवपुरीजवळच्या त्या गावात दर रविवारी समाजमंदिरात खेळण्यांची लायब्ररी भरत असे. कर्जतच्या माधवीताई टेंपोतून खेळणी आणायच्या आणि सतरंज्यांवर मांडायच्या. पैसे लागत नसत. प्रत्येक मुलाने एक खेळणं निवडायचं, आठवडाभर घरी नेऊन खेळायचं आणि पुढच्या रविवारी ते परत करून दुसरं घ्यायचं. गावातली मुलं यायचीच, पण डोंगराच्या वाडीवरूनही बायका लेकरांना घेऊन उतरायच्या.

"आजी, झालं ना?" माधवीताईंनी विचारलं.

"हिचं झालं," सुंदराबाई म्हणाल्या. "आन् मला?"

सतरंजीवर बसलेल्या बायका हसल्या. रियाने आजीचा पदर ओढला. "आजी, चल ना गं."

माधवीताईंना वाटलं, म्हातारी मागायला संकोचतेय. "घरी अजून कोणी लहान आहे का? धाकटा नातू वगैरे? असेल तर त्याच्यासाठी न्या, काही हरकत नाही."

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळ्या बघत होत्या. सुंदराबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"नाय," त्या म्हणाल्या. "धाकटा कोन नाय. मलाच पायजे."

आता हशा मोठा झाला. "वैनी, बाहुली घेऊन फिरनार का काय गावात?" कोणीतरी मागून विचारलं. माधवीताईंनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर 'मुलांसाठी' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

वाडीवरची वनिता दाराशी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. ती एकटीच हसली नव्हती. "द्या की ताई त्यास्नी," ती म्हणाली. "आमची पोरं मोडत्यात तरी तुमी देता. त्या काय मोडनार हायत?"

माधवीताईंना हसू आलं. "घ्या आजी. काय हवं ते बघा."

सुंदराबाई सतरंजीवर टेकल्या. माधवीताईंनी आधी भातुकली पुढे केली. सुंदराबाईंनी हात जोडले. "नको गं बाय. रांधनं घरीच लय हाय." मग बाहुली आली. तिचे केस त्यांनी नीट केले आणि तिला पुन्हा जागेवर ठेवलं. त्यांची नजर कोपऱ्यातल्या गोट्यांच्या लाकडी घसरगुंडीवर गेली होती. एकावर एक ठोकळे रचायचे, त्यांवर पन्हळी बसवायच्या आणि वरून गोटी सोडायची. गोटी वळणं घेत खाली यायची. लहानपणी भाऊ अंगणात गोट्या खेळायचे, तेव्हा त्या धाकट्याला कडेवर घेऊन नुसत्या बघत उभ्या असायच्या.

"ह्ये," त्या म्हणाल्या.

घरी येऊन, जेवणं उरकून त्या ओटीवर बसल्या त्या बसल्याच. पहिल्यांदा रचलं ते कोसळलं. दुसऱ्यांदा गोटी मधेच अडकली. रियाने त्यांची छाती तपासली, ताप पाहिला, दोनदा सुई टोचली. सुंदराबाईंनी मान वर केली नाही.

उन्हं कलली तेव्हा आबाजी शेतावरून आले. बायकोला पसाऱ्यात बसलेली पाहून दारातच थांबले.

"ह्ये काय मांडलंयस? कोन बघंल तर काय म्हनंल?"

"बघितलं समद्यांनी. म्हनून बी झालं."

आबाजींनी पाय धुतले, आत डोकावले, पुन्हा बाहेर आले. "च्या?"

"ठेवा की. पावडर वरच्या फळीवर हाय."

आबाजी आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. चहा आला तेव्हा तो अर्धा बशीत सांडलेला होता. सुंदराबाईंनी एक घोट घेतला, गोड मानून घेतला आणि वरून गोटी सोडली. गोटी वळणावर उडाली आणि आबाजींच्या पायाशी जाऊन थांबली.

त्यांनी ती उचलली. बोटांत फिरवली. "खालचा ठोकळा तिरपा बसलाय तुझा."

"मग तुमी लावा सरळ."

"मला काय करायचंय त्याच्याशी," असं म्हणत आबाजी खाली बसले.

सूनबाई नम्रता रिसॉर्टमध्ये कामाला होती. रविवारी तिला सुट्टी नसे. पाहुण्यांच्या खोल्या आवरून ती दिवेलागणीला घरी आली, तर ओटीवर दिवा नव्हता. आत गॅस पेटलेला नव्हता, भात टाकलेला नव्हता. अंधुक उजेडात सासू, सासरे आणि रिया तिघंही जमिनीवर ओणवे पडलेले दिसले. ठोकळ्यांची रांग ओटीवरून पायरीपर्यंत आली होती.

ती पायरीवरच थांबली. "आई, काय झालं? बरं नाय का?"

सुंदराबाईंनी वर पाहिलं नाही. नुसता हात उंचावला.

"पाय उचल गं. गोटी येतेय."

खांद्यावरची पिशवी तशीच धरून नम्रताने एक पाय वर घेतला. गोटी खडखडत आली, तिच्या पायाखालून गेली आणि अंगणात उतरली.