नवसाचं कारण

"नवस कशापायी बोलला होता, यजमान?" संबळ थांबवून गोंधळ्याने माईकवर विचारलं. अंगणात बसलेल्या भावकीने कान टवकारले.

इंदूने नवऱ्याकडे पाहिलं. कोटीची लॉटरी लागल्याचं दोघांनी पोटच्या पोरीलासुद्धा कळू दिलं नव्हतं. तुटकी चप्पल शिवून शिवून घातली होती. पण लॉटरी लागली तर गोंधळ घालीन, हा नवस इंदूचाच होता आणि देवीची उधारी ठेवायची तिची छाती नव्हती.

"आमची रेवा लई आजारी होती," नवरा खाकरून म्हणाला. "उठली त्यातून."

"अगंबाई, आम्हाला पत्ताच नाही!" जाऊबाई हळहळल्या. "तरीच म्हटलं, पोरगी हडकली कशानं!"

गोंधळ्याने रेवाला पुढे बसवून तिच्या कपाळी कुंकू फासलं. "आई भवानी, या लेकराचं दुखणं..." तो गर्जला आणि संबळ कडाडला.

इंदू उठून उभी राहिली. पोरीला साधी शिंकही आली नव्हती. नसलेलं दुखणं देवीच्या कानावर घातलं जात होतं. उद्या तिने ते खरं करून दाखवलं तर? नवरा डोळ्यांनीच विनवत होता, गप्प राहा म्हणून.

इंदूने माईक हिसकावला. "आई, खोटं आहे गं ते! माझी रेवा ठणठणीत आहे. आम्हाला लॉटरी लागलीय, कोटीची!"

आवाज पार वेशीपर्यंत गेला. नवऱ्याने कपाळाला हात लावला. रेवावर खिळलेल्या नजरा एकेक करून सुटल्या आणि घराकडे वळल्या, उघड्या दारातून आतल्या कपाटावर जाऊन थांबल्या.

इंदूने लेकीला कुशीत ओढलं. "तिकडंच बघा," ती पुटपुटली. "खुशाल बघा."