नगण्य धरलेला आवाज

"हितं. हितं हात लाव," म्हणत कोंडीरामने पंपाच्या बॉडीवर आपला तळहात टेकवला.

पंप कसला, हत्तीचं पिल्लूच ते! साजगावच्या कागद कारखान्याला बावीस वर्षं पाणी पाजत होता, आणि बावीस वर्षं कोंडीराम त्याच्या उशाशी बसून होता. पंपघरात आवाज असा की शेजारच्याशीसुद्धा बेंबीच्या देठापासून ओरडून बोलावं लागे.

जिजाने वहीतून मान वर केली. कोंडीरामची ही थोरली लेक मुंबईला इंजिनिअरिंगचं वरचं शिक्षण घेत होती. पंपाच्या पोटात ऊर्जा नेमकी कुठे वाया जाते, हा तिचा विषय. वाया गेलेली ऊर्जा ऊब होऊन पाण्यात मिसळते आणि पुन्हा कामाला येत नाही. त्या न परतण्याच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. जिजाने पंपाच्या पोटाचे कागदावर चौसष्ट कप्पे पाडले होते आणि कुठल्या कप्प्यात किती एन्ट्रॉपी तयार होते ते मांडलं होतं. पण प्रत्यक्ष पाण्याची ऊब मोजली आणि घोडं पेंड खायला लागलं. मोजलेलं नुकसान जास्त, कप्प्यांची बेरीज कमी. एखादा कप्पा लबाडी करत होता. सरांनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत जुळलं तर प्रबंध घेतो, नाहीतर वर्ष गेलं. वर्ष गेलं की शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे शिक्षणही बंद.

"हितं काय हाय, बाबा?" ती त्याच्यासमोर येऊन ओरडली.

"पानी मागं फिरतंय. हाताला कचकचतंय बघ."

जिजाने हात लावला. तिला नुसती थरथर जाणवली. तरी बापाचं मन मोडू नये म्हणून तिने तिथे खडूने फुली मारली.

"आनि ह्यो येवढा आवाज? त्यो कुठल्या कप्प्यात धरलास?"

जिजाला हसू आलं. "आवाजात जाते ती ऊर्जा लय थोडी, बाबा. धरन्यासारखी नसती. नगण्य!"

कोंडीराम तिच्या तोंडाकडे बघत होता. "बरं," म्हणाला आणि तेलाचा डबा घेऊन वळला. त्याचं हे बघणं घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. जिजा बोलायला लागली की हा घास हातात धरून तिच्या तोंडाकडे टक लावून राही. आई म्हणे, "लेकीनं तोंड उघडलं की ह्यांच्या जेवनाचं भान जातंय." जिजा लाजायची, पण आतून तिला बरं वाटायचं.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी पंप उघडायचा होता. बापलेक चौक गावातल्या घरून एसटीने आली. फाटकातून आत शिरताना मागून वॉचमन मंगळ्याने हाक दिली, "जयभीम, कोंडीरामभाऊ!" कोंडीराम सरळ चालत राहिला. जिजाच ओशाळली, मागे वळून तिने जयभीम घातला. बाबांना या वयात शिष्टपणा कुठून सुचला, असं तिच्या मनात आलं.

बॉडीचं झाकण निघालं आणि जिजा वाकून बघतच राहिली. फुली जिथे होती, बरोबर तिच्या आतल्या बाजूला लोखंड वाळवी लागल्यासारखं पोखरलं होतं. पाणी खरंच तिथे मागे फिरत होतं. ती तिथेच बाकावर बसली आणि तेवढा एक कप्पा नव्याने मांडायला घेतला. तासाभराने खाली बेरीज आली. मोजलेल्या नुकसानाच्या ती अगदी शेजारी बसली.

"बाबा, जुळलं!"

कोंडीराम तिच्याकडे पाठ करून नट पुसत होता.

"बाबा! जुळलं!"

तो पुसतच राहिला. जिजाने तिसऱ्यांदा हाक मारली, आणि तिच्या लक्षात आलं की पंपघरात आज आवाजच नाही. बाहेरच्या झाडावरचे कावळे ऐकू येत होते. उठून तिने त्याच्या खांद्याला हात लावला. तो वळला, आणि सवयीने तिच्या ओठांकडे बघायला लागला.

"कवापासनं, बाबा?" तिने हळूच विचारलं. नुसते ओठ हलवले. तरी त्याला समजलं.

"झाली सात-आठ वर्सं. पयलं मलाबी कानानंच कळायचं गं, पंपाचं कुठं दुखतंय ते. कान गेलं, तवा हात शिकलं." त्याने फाटकाकडे पाहिलं. "बोलू नको कुनाला. पंपावरनं काढतील. तुजं हुईस्तवर कळू द्यायचं नवतं."

जिजाला रडू आवरेना. तो तिची आसवं पुसायला गेला आणि तेलकट हाताने तिचा गाल काळा करून बसला.

शनिवारी कर्जतच्या टायपिस्टकडून प्रबंध आला. बावन्नाव्या पानावर ते वाक्य होतं, की आवाजाच्या रूपाने जाणारी ऊर्जा नगण्य धरली आहे. जिजाने ते खोडायला पेन उचललं. दोनदा गणित केलं. वाक्य खरं होतं. तिने ते तसंच ठेवलं.

मग पहिलं पान उघडलं. सगळा प्रबंध इंग्रजीत. हे एक पान बाबांना वाचता यावं म्हणून तिने स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलं:

'बावन्नाव्या पानावर मी नगण्य धरलेला आवाज बावीस वर्षं ज्यांनी कानांवर झेलला, त्या माझ्या बाबांना.'