पंख्याची कुरकुर

"दारू नसली की काय होतं?" नव्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या नवऱ्याला विचारलं. दारू सोडवायला आजवर पुष्कळांकडे नेलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

ते खाली मान घालून म्हणाले, "डोक्यात माणसं ओरडतात. प्यायलो की दबतात."

बाईंनी दोन्ही दुखण्यांवर एकदमच औषधं सुरू केली. पावसाळा गेला, थंडीही सरली.

काल दुपारी आडवे झालेले ते ताडकन उठून बसले. मी हातातलं काम टाकून धावले.

"अगं, हा पंखा कधीपासून कुरकुरतोय?"

"आपल्या लग्नापासून."

ते तेल आणायला निघाले. मी हात धरला. "राहू द्या. वाजू दे त्याला."

पंख्याकडे बघत ते कुजबुजले, "बाकी कुणीच बोलत नाहीये गं."