दगडावरचं पदक

उस्ताद स्लाविकने ओला फडका फिरवला, तशी पांढरी भुकटी निघून गेली आणि कबरीच्या काळ्या दगडात कोरलेला मायिस उभा राहिला. पूर्ण उंचीचा, वजन उचलणाऱ्याच्या घट्ट पोशाखात, हात बाजूला सोडलेले, मान ताठ. पायाखाली अक्षरांची जागा तेवढी कोरी होती.

आर्पेनिक बराच वेळ बापाच्या मनगटांकडे पाहत राहिली. ती बरोबर उतरली होती.

"आता पदकच काय ते राहिलं," ओनिक म्हणाला. ओनिक पदकवीर निधीचा चिटणीस. कबरस्तानाबाहेरच्या त्या धुळकट अंगणात तो कोटाला जपत उभा होता. त्याने खिशातून डबी काढून उघडली. "खरं पदकच घेऊन आलोय, उस्ताद. बघून कोर. रविवारी मायिसला जाऊन वर्ष भरतंय. मंत्री येणार, शाळेची मुलं झेंडे घेऊन येणार, टीव्हीवाले येणार. आणि गळा असा ओका?"

दहा वर्षांपूर्वी ऑलिंपिकमध्ये मायिस चौथा आला होता. तिसऱ्या आलेल्या परदेशी गड्याचा जुना नमुना आता पुन्हा तपासला, त्यात बंदी असलेलं औषध सापडलं, आणि नावं एकेक पायरी वर सरकली. पदक गेल्या महिन्यात राजधानीत, येरेवानला पोचलं. मायिसला जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

स्लाविकने पदक तळहातावर तोललं. "जड आहे. पण ओनिक राजा, याची मान बघ. पदक घालून घ्यायचं तर माणूस वाकतो. हा वाकलेलाच नाही. मग फीत डोक्यावरून गेली कशी?"

"दगडाला कोण विचारतंय, उस्ताद!"

"आधी दफन, मग बाप्तिस्मा. तुम्हा लोकांचं सगळं उरफाटंच."

ओनिक हसला आणि आर्पेनिककडे वळला. "तूच सांग, पोरी. दगड तुझा. तू हो म्हटलंस की झालं."

"कोरा," आर्पेनिक म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती इतक्यात हो म्हणेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

"पण खाली तीन तारखा टाकायच्या. जन्माची, मरणाची आणि तिच्याखाली पदक आल्याची."

"अगं, पदकाची तारीख ऑलिंपिकचीच असते! नोंद दुरुस्त झालीये. निकालात तुझा बाप त्या दिवसापासून तिसरा आहे. चौथा तो कधी नव्हताच."

"नव्हतेच?"

"नव्हताच. जा, जगात कुठेही बघ."

"मग दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनला पैसे मागायला बाबा तुमच्याकडे आले, तेव्हाही ते तिसरेच होते."

ओनिकने डबीचं झाकण लावलं. मग पुन्हा उघडलं. पदक स्लाविकच्या हातात होतं.

"तेव्हा यादीत चौथा होता, आर्पेनिक. निधी पदकवीरांसाठी आहे. नियम काही मी केला नाही."

"नकारावर सही तुम्ही केलीत."

"माझ्या जिवाला काय वाटलं ते माझं मला ठाऊक. तुझ्या बापाला मी स्वतः जिन्यापर्यंत सोडायला गेलो होतो."

"माहीत आहे. लिफ्ट बंद होती. चार मजले ते बसत बसत उतरले. मी खाली गाडीत होते."

गल्लीत कोणीतरी गाडी सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"हे बघ," ओनिक आवाज खाली आणून म्हणाला, "कबरीच्या दगडावर कोणी भांडण कोरत नाही. हा देशाचा मान आहे. आपण केवढे, आपला देश केवढा! त्यात एक पदक वाढलं. मुलं येऊन वाचतील."

"वाचू देत."

"आणि तारीख नाही टाकली तर?"

"तर पदकही नाही. बाबा आहेत तसे बरे आहेत."

ओनिकने स्लाविककडे पाहिलं. स्लाविकने कानामागचा खडू काढला, दगडापुढे गुडघे टेकले आणि तीन आडव्या रेघा आखल्या. वरच्या दोन तारखा त्याने कोणालाही न विचारता लिहिल्या.

"तिसरी कुठली, पोरी?"

"एकोणीस फेब्रुवारी. या वर्षीची."

त्याने ती लिहिली, छिन्नी घेतली आणि जन्माची तारीख सोडून खालूनच सुरुवात केली.

ओनिक दोन पावलं मागे गेला, डोळे बारीक करून पाहिलं, पुन्हा जवळ आला. मग दगडाला खेटून उभा राहिला आणि तिसरी ओळ आपल्या पायाला कुठे येते ते हाताने पाहिलं. ती गुडघ्याला येत होती. दगडाची भुकटी त्याच्या बुटांवर पडत होती. दुसऱ्या हाताने त्याने निधीच्या कचेरीत फोन लावला.

"सुसान, मंत्र्यांच्या पुष्पचक्राचं सांगितलंस का? मोठं सांग. नाही, रुंद नको, उंच." तो थांबला, गुडघ्यावरचा हात त्याने वीतभर वर सरकवला. "माझ्या मांडीपर्यंत. आणि पानं दाट लावायला सांग."