रिकाम्या कॅमेऱ्यापुढं

आमचा मूकपट स्वस्तातला होता. मोटार कन्हैयालालची, पैसा त्याचाच, आणि कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला मी. जालन्याहून निघून, वाटेत जागा आवडेल तिथं चित्रण करत आम्ही शहागडला पोचलो.

तिथं झुंबरबाई नावाच्या एका शेतकरणीनं आम्हांला जेवू घातलं, चित्रणासाठी आपले बैल दिले. बदल्यात एकच मागितलं. "माझं पोरगं मुंबईला गिरणीत हाय. मला बी घ्या शिनेमात. तिथं बघंल तरी मला."

"फिल्म वाया घालवू नको," कन्हैयालाल माझ्या कानाशी म्हणाला. "रिकामाच फिरव."

मी गुपचूप फिल्म काढून ठेवली आणि रिकाम्या कॅमेऱ्याचा दांडा फिरवत राहिलो. ठेवणीतलं लुगडं नेसून ती उन्हात उभी होती. सारखा पदर नीट करत होती.

"आलं का बराबर?"

"अगदी," मी म्हणालो. तिच्याकडे बघून मात्र म्हणता आलं नाही.

महिन्याभरानं जालन्यात कापसाच्या एका जिनिंगच्या शेडची दारं लावून आम्ही दोघंच सिनेमा बघायला बसलो. प्रोजेक्टरचा दांडा कन्हैयालाल हातानं फिरवत होता. शेवटचा प्रसंग संपला आणि पडद्यावर झुंबरबाई आली. तेच लुगडं, तेच ऊन. ती सरळ माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, आणि ती काय विचारतेय ते मला ठाऊक होतं.

"बंद कर," मी म्हणालो. "कन्हैया, पाया पडतो तुझ्या, बंद कर."

अंधारात त्याचा आवाज आला, तो दाराजवळून.

"मी दांडा कवाच सोडलाय."

पडद्यावर झुंबरबाईनं पदर नीट केला आणि पुन्हा तेच विचारलं.