लाल दोरी

माझी बायको मार्था गेल्याचं इस्पितळातून कळलं, तेव्हा घरात चुलीवर डुकराच्या मांसाचे दोन तुकडे धुराला टांगलेले होते. एक पांढऱ्या दोरीने, दुसरा लाल. वाळले की त्यांना मसाला आणि व्हिनेगर चोळायचं काम तिचं.

दफनानंतर मी तिच्या नेहमीच्या मसालेवालीकडे, फिलूबाईकडे गेलो. "धुरावरच्या मांसाचा मसाला दे. तिखट."

तिने दोन बरण्या पुढे ओढल्या. "हा तिखट, मार्थाचा. हा सौम्य, तुझा."

"मी तिखटच खातो. तिच्याहून जास्त."

"हो, गावभर सांगत असतोस. डॉक्टरने तुझं तिखट बंद केलं, तेव्हापासून ती दोन्ही न्यायची. लाल दोरीचा तुकडा तुझा. म्हणायची, त्याला सांगू नकोस, रुसून बसेल."

मी तिखट मसाल्याची चिमूट जिभेवर ठेवली.

"कसा आहे?"

"कळत नाही."

"मग दोन्ही ने," म्हणत तिने पुड्या बांधल्या.

घरी येऊन लाल दोरीकडे पाहिलं. इतकी वर्षं ती पाहत आलो, कधी विचारलं नाही.

पुड्या ओट्यावर आहेत. दोन्ही तुकड्यांना मसाला चोळायचा राहिला आहे.